मॅग्नेशियम, मूत्रपिंड आणि बाईंचा चौविहार

आपल्या व्यापारी घरांत रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी यांवर पंगतीतही मोकळेपणाने चर्चा चालते. बद्धकोष्ठतेचा विषय मात्र औषधाच्या दुकानात, गिऱ्हाईक कमी झाल्यावर, खालच्या आवाजात निघतो. वस्तुतः हा विकार आपल्या जीवनक्रमाला चिकटूनच आलेला आहे. सकाळी सामायिक, स्थानक, त्यानंतर दुकान उघडण्याची घाई. आणि एकदा गादीवर बसले की दुपारपर्यंत उठणे नाही. शौचाचा वेग आला तरी ‘एवढा सौदा उरकू, मग पाहू’ ही वृत्ती. तुरीच्या हंगामात, म्हणजे पौष-माघात, लातूरच्या आडत बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना कोणता आडत्या या कारणासाठी घरी जाईल? दाबलेला वेग आतड्याला हळूहळू आळशी करतो, हे वैद्य पूर्वीपासून सांगत आले आहेत आणि आजचे डॉक्टरही तेच सांगतात.

स्त्रियांची कथा याहून अवघड. आमचे निम्मे घर नांदेडला आणि निम्मे लातूरला असल्यामुळे लोहा-अहमदपूर-चाकूर हा साधारण एकशे चाळीस किलोमीटरचा रस्ता आम्हांस अंगणासारखा झाला आहे. या प्रवासात घरातील बायका निघण्यापूर्वी दोन तास पाण्याला शिवत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे; वाटेत स्वच्छ शौचालयाची शाश्वती नाही. एखाद्या दिवशी ठीक, पण महिन्यातून चार वेळा असे होऊ लागले की त्याचा हिशेब आतडे ठेवते.

यात आपल्या व्रतनियमांची भर पडते. नियमांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. केवळ आकडा मांडतो. पौषात लातूरला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार केलेला मनुष्य त्यानंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सातच्या सुमारास, त्यावर नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे दोन पाण्यांच्या मध्ये जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. मोठ्या आतड्याचे कामच मुळी उरलेल्या मळातून पाणी शोषून घेण्याचे आहे. त्याला वरून पाणी मिळत नाही आणि वेळ मात्र भरपूर मिळतो. मग मळ खड्यासारखा होणार यात नवल ते काय!

आमच्या बाई, म्हणजे माझ्या मातोश्री, आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि नांदेडला भाईजींकडे असतात. त्यांचा चौविहार चाळीस वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे. गेल्या चातुर्मासात त्यांचा त्रास इतका वाढला की चार-चार दिवस पोट साफ होईना. कुंथण्याने मूळव्याध बळावली, रक्त दिसले आणि त्या घाबरल्या. घाबरून त्यांनी काय केले? जेवण कमी केले. ‘आत जाईल कमी, तर अडचणही कमी’ असा त्यांचा हिशेब. कमी जेवणाने मळही कमी बनतो, आतड्याला हलण्याचे कारणच उरत नाही आणि अडचण आणखी वाढते, हे त्यांना पटवण्यास भाभींना दोन आठवडे लागले.

याच सुमारास मला स्वतःला लातूरच्या डॉक्टरांनी मॅग्नेशियमचे औषध दिले होते. पांढरे, दुधासारखे दिसणारे, खडूच्या चवीचे ते ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’. हे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होय. रसायनशास्त्र बाजूला ठेवले तरी त्याचे कार्य लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला चटकन समजेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. मॅग्नेशियमचा क्षार आतड्यात पूर्णपणे शोषला जात नाही. जो भाग मागे राहतो तो आपल्याभोवती पाणी धरून ठेवतो, मळ मऊ होतो, त्याचे आकारमान वाढते आणि ताणलेले आतडे आपणहून आकुंचन पावून त्याला पुढे ढकलते. सोनामुखीसारखी औषधे आतड्याच्या हालचालीलाच चेतवतात. मॅग्नेशियम प्रामुख्याने पाण्याच्या बळावर काम करते. म्हणूनच, पाणी न पिता मॅग्नेशियम घेणे म्हणजे बैल न जुंपता गाडी हाकणे.

मला त्याचा गुण आला, हे सांगितले पाहिजे. तिसऱ्या दिवसापासून सकाळ सुकर झाली. याला केवळ माझ्या अनुभवाचा आधार आहे असेही नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी 2023 मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली. तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची शिफारस आहे; मात्र ती सावध शब्दांतली, मर्यादित पुराव्यावरची आहे. अधिक ठाम शिफारस पॉलिएथिलिन ग्लायकॉल नावाच्या पुडीला दिली आहे. जपानमध्ये तर मॅग्नेशियम ऑक्साइड हे या विकारावरचे अगदी घरगुती म्हणावे इतके रुळलेले औषध आहे.

या धातूची आणि आपल्या प्रांताची ओळखही जुनी आहे, फक्त आपण ती पोटाशी जोडत नाही. नांदेडकडच्या कापूस उत्पादकाला विचारा. पाने लाल पडू लागली, ‘लाल्या’ आला, की कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारतात. पानाला हिरवा रंग देणाऱ्या द्रव्याच्या केंद्रस्थानीच मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. तो कमी पडला की पानाचा हिरवेपणा जातो. हेच मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्ट. इंग्लंडमधील एप्सम या गावी 1618 साली कडू पाण्याचा झरा सापडला. गुरे ते पाणी तोंडात धरीनात, माणसांचे पोट मात्र त्याने साफ होऊ लागले, अशी त्याची कथा सांगतात. (खताच्या पिशवीतले मॅग्नेशियम पोटात घ्यावयाचे नसते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी, पण आमच्या बाजारात एकाने तसा विचार बोलून दाखविला होता, म्हणून सांगून ठेवतो.)

आपल्या बोअरच्या पाण्यातही मॅग्नेशियम आहे. मराठवाडा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे आणि त्या खडकातील खनिजांत मॅग्नेशियम असते. पाणी झिरपताना ते विरघळवून आणते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून पाणी जड होते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. ज्या लातूरची तूरडाळ देशभर जाते, त्याच लातूरच्या बोअरच्या पाण्यात ती डाळ सोडा टाकल्याशिवाय मऊ होईना, असा आमच्या स्वयंपाकघरातील विनोद आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियमची इष्ट मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 100 पर्यंत मुभा आहे. सल्फेटची मर्यादा 200 वरून 400 पर्यंत वाढवता येते, परंतु मॅग्नेशियम 30 च्या आत असेल तरच, अशी अटही त्यात आहे. कारण ही दोन द्रव्ये पाण्यात एकत्र वाढली की ते पाणी रेचक ठरू शकते.

2016 च्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते दिवस आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहेत. त्या काळात आमच्या गल्लीत जारचे पाणी घरोघर शिरले ते कायमचेच. आरओ यंत्र क्षार काढते तेव्हा त्यांतील मॅग्नेशियमही बहुतांशी निघून जाते. यावरून माझ्या एका व्याह्यांनी सिद्धांत मांडला की, ‘जार आला आणि बद्धकोष्ठता आली!’ मला हे पटत नाही. आपल्या शरीराला मिळणारे बहुतेक मॅग्नेशियम अन्नातून येते, पाण्याचा वाटा सहसा लहान असतो. आणि जार ज्या वर्षी आला त्याच सुमारास आमच्या घरात भाकरी मागे पडून मैद्याचे पदार्थ वाढले, दुकानात हाताशी मोबाईल आला आणि चालणे सुटले. एवढी कारणे समोर असताना एकट्या जारला धरणे हा न्याय नव्हे.

मला गुण आला, तेव्हा बाईंनाही तेच द्यावे असे घरात सर्वांनाच वाटले. त्यातच अमेरिकेत असलेल्या भाच्याने त्यांच्यासाठी मॅग्नेशियमचा एक मोठा डबा पाठविला. एकशेवीस कॅप्सूल, झोपताना दोन घ्याव्यात अशी सूचना. बाईंनी डबा हातात घेतला, चष्मा लावला, आणि पहिला प्रश्न केला तो मॅग्नेशियमविषयी नव्हताच. त्या म्हणाल्या, “हे वरचं टरफल कशाचं आहे?” भाभींनी बारीक अक्षरे वाचली. त्यांत जिलेटिन होते. जिलेटिन प्राण्यांची कातडी आणि हाडे यांपासून बनते. डबा तसाच मिटला.

या बाबतीत वाचकांनी थोडे सावध असावे म्हणून लिहितो. आपल्याकडे अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर शाकाहाराचे हिरवे किंवा मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असावे लागते. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर मात्र तशी सक्ती नाही, आणि परदेशी डब्यावर आपले चिन्ह नसतेच. वनस्पतीजन्य सेल्युलोजचे टरफल असलेल्या कॅप्सूलही मिळतात. विचारले तर दुकानदार शोधून देतो. साध्या गोळ्यांतही मॅग्नेशियम स्टिअरेट नावाचा पदार्थ अल्प प्रमाणात वापरतात. तो वनस्पती तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. डब्यावरून ते कळतेच असे नाही, कंपनीला विचारावे लागते. द्रवरूप औषध किंवा साधी पूड घेतली तर टरफलाचा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. ‘झोपताना’ हा शब्द आपल्या घरांत फार अडचणीचा आहे. भाईजींनी सुचविले, “बाई, चौविहाराऐवजी तिविहार करा, पाणी तेवढं मोकळं राहील.” मार्ग शास्त्रसंमत होता. गंभीर आजारात समाधी टिकावी म्हणून पच्चक्खाणात औषधाचे आगारही ठेवलेले आहे, हेही त्यांनी सांगितले. बाई ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “आगार आहे ते मरणाच्या दारात बसलेल्यासाठी. माझं पोट चार दिवस अडलं, म्हणून चाळीस वर्षं मोडू?” भाईजींना राग आला, मला वाईट वाटले, आणि त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. आईचा नियम मोठा की आईचे शरीर, हा प्रश्न ज्या घरात उभा राहिला आहे, त्याला त्या शांततेचे वजन ठाऊक असेल.

मार्ग काढला तो नांदेडच्या डॉक्टरांनी. आधी तर ते हसले आणि म्हणाले की, औषधाला सूर्यास्त झालेला कळत नाही, दिवसा घेतले तरी ते तेच काम करते. परंतु पुढे त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. “क्रिएटिनिन कधी तपासलं होतं?”

बाईंना वीस वर्षांपासून रक्तदाब आहे आणि साखरही आहे. तपासणी झाली. क्रिएटिनिन 1.6 निघाले. आकडा ऐकावयास लहान वाटतो. आम्हां दोघा भावांना तर तो जवळजवळ ठीकच वाटला. डॉक्टरांनी वय आणि स्त्रीदेह लक्षात घेऊन गणित मांडले, तेव्हा मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता 33 च्या आसपास आली. निरोगी तरुण माणसाच्या सुमारे तृतीयांश. मग त्यांनी समजावले ते असे. आतड्यात टाकलेले सगळे मॅग्नेशियम तिथेच राहत नाही, काही भाग रक्तात उतरतो. निरोगी मूत्रपिंडे तो भाग मुकाट्याने लघवीवाटे बाहेर टाकतात. थकलेल्या मूत्रपिंडांना ते जमत नाही. रोजच्या मात्रेने रक्तातील मॅग्नेशियम साचत जाते. आणि ते साचले तर प्रथम मळमळ, सुस्ती, हातपाय गळून जाणे. पुढे रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वासही मंद होऊ शकतो. बद्धकोष्ठ असलेल्या आतड्यात औषध अधिक काळ पडून राहते, म्हणून शोषणही अधिक. जे औषध मला गुणकारी ठरले, तेच बाईंना वर्ज्य झाले.

जपानचा उल्लेख वर केला आहे. तेथेही वयोवृद्ध रुग्णांत अशा घटना घडल्या आणि शासनाला सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. आमच्या परिचयातील नांदेडच्या एका वृद्ध गृहस्थांचेही असेच झाले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून ते मॅग्नेशियमची पूड कित्येक महिने नेमाने घेत होते. पर्युषणात दुपारच्या व्याख्यानाला बसल्या जागी डुलक्या घेऊ लागले. लोक म्हणाले, उपवासाचा थकवा. घरच्यांनाही तसेच वाटले. शेवटी जागे करूनही नीट बोलेनात, तेव्हा रुग्णालयात नेले आणि रक्ताच्या तपासणीत कारण उघड झाले. ते वाचले, पण आठ-दहा दिवस तिथेच गेले. वृद्ध माणूस तपश्चर्येच्या दिवसांत सुस्तावला तर आपण श्रद्धेपोटी त्याला थकवा मानतो. तो कोणती पूड किंवा गोळी घेत आहे हे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी प्रौढांसाठी गोळ्या-पुड्यांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला 350 मिलिग्रॅम ठरविली आहे. अन्नातले मॅग्नेशियम त्यात धरलेले नाही. रेचक म्हणून दिलेली मात्रा याहून अधिक असू शकते, आणि म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाची. आणखी एक बाब. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, काही प्रतिजैविके यांच्याबरोबर मॅग्नेशियम घेतले तर ते त्यांना आतड्यातच अडवून ठेवते. थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तासांचे अंतर असावे. आणि सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घेण्याची जी सवय आपल्या बाजारात पसरली आहे, तिने पोटातील आम्ल कमी होते. मॅग्नेशियम ऑक्साइडला विरघळण्यास तेच आम्ल हवे असते. जेवढी आम्लाची गोळी पक्की, तेवढे हे औषध कच्चे पडते. पन्नाशीनंतर नव्यानेच बद्धकोष्ठता सुरू झाली असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त पडत असेल, तर कोणतीही पूड न शोधता आधी तपासणी करावी. बाईंचे रक्त मूळव्याधीचेच आहे, हे डॉक्टरांनी तपासून खात्री करून घेतल्यानंतरच पुढचे ठरले.

त्यांना शेवटी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पुडी मिळाली. ती जवळजवळ शोषली जात नाही आणि तीही पाणी धरूनच काम करते. नवकारसी पारल्यावर पेलाभर उकळलेल्या पाण्यात एक पुडी. नावाचा उच्चार बाईंना जमत नाही. त्या तिला ‘पांढरी पुडी’ म्हणतात. इसबगोल डॉक्टरांनी लगेच दिले नाही. त्याला भरपूर पाणी लागते, आणि पाणी कमी पडले तर ते स्वतःच आत घट्ट गोळा होऊन बसते. आधी पाण्याची सवय लागू द्या, म्हणाले.

पाण्याची ती सवय भाभींनी लावली. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी द्यावयाचे ते मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरवून दिले, आणि भाभींनी ते सूर्योदय ते सूर्यास्त असे वाटून टाकले. एक तांब्या सकाळी भरून ठेवतात; दुपारच्या जेवणापर्यंत तो रिकामा दिसला पाहिजे. दुसरा सूर्यास्तापूर्वी. पूर्वी बाई सूर्य बुडता बुडता घाईने दोन पेले एकदम पीत असत. त्यातले बरेचसे पाणी रात्री लघवीला उठण्यातच जाई. आता शेवटचा पेला तासभर आधीच होतो. सकाळच्या चहानंतर, मन असो वा नसो, दहा मिनिटे शौचाला बसावयाचे, पायाखाली छोटा पाट ठेवून. हा पाट पूर्वी देवघरात होता. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली आणि नवा पाट आला.

आहाराचा प्रश्न चातुर्मासात बिकट होतो, कारण पालेभाजी बंद. आणि ज्या घरांत फाल्गुन चौमासीनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तीळ, खजूर, सुकामेवाही वर्ज्य असतो, तेथे मॅग्नेशियमचे आणि चोथ्याचे दोन मोठे स्रोत एकदमच बंद होतात. तिळात तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. मग उरते काय? उरते ते आपल्याच मोंढ्यात पोत्यांनी पडलेले असते: ज्वारी, बाजरी, सालीसकट मूग, मटकी, हुलगे. आमच्या घरात मात्र व्यापार डाळीचा असल्यामुळे साल काढलेली डाळच मानाची, आणि सालीची डाळ ‘गुरांच्या चुणीला जवळची’ समजून मागे सारली जाते. भाभींनी आता आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी भाकरी आणि सालीच्या मुगाची उसळ सुरू केली आहे. माझे चिरंजीव तोंड वाकडे करतात. बाईंना ती माहेरची आठवण वाटते. मूत्रपिंडांसाठी कोणते कडधान्य किती, हे त्यांच्यापुरते डॉक्टर तीन महिन्यांनी रक्त पाहून ठरवतात.

आयंबिलच्या ओळीत पुन्हा अडचण येते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. नऊ दिवस तूप-तेल नाही, हिरवे काही नाही. यंदा आश्विनात बाईंनी नऊऐवजी तीनच आयंबिल करावेत असे भाईजींचे म्हणणे आहे. बाईंनी अद्याप होकार दिलेला नाही. महासतीजींना विचारून सांगते, म्हणाल्या आहेत. माझा स्वतःचा मॅग्नेशियमचा चमचा आता आठवड्यातून दोनदाच लागतो, आणि तोही सूर्यास्तापूर्वी. माझे क्रिएटिनिन डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तपासले, ते 0.9 आहे.